पिवळ्या रंगातले कडुनिंब

बुऱ्हानपूरच्या लोधीपुऱ्यात वैजयंतीला सगळे ओळखतात ते तिच्या चौकशांमुळे. बंद फाटक दिसलं की तिचा पाय थबकतो, आणि फटीला डोळा लावल्याशिवाय तो पुढे निघत नाही. केळी पिकवायच्या खोलीत कसला गारवा असतो ते बघायला ती एकदा शिंकत शिंकत आत जाऊन आली. मोगलांच्या काळच्या कुंडी भंडाऱ्याचं पाणी डोंगरापासून शहरापर्यंत जमिनीखालून कसं येतं हे ऐकून तिचं समाधान झालं नाही, म्हणून ती लिफ्टच्या पिंजऱ्यातून विहिरीत खाली उतरली, आणि वर आल्यावर लिफ्टवाल्याला इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी तिच्यासाठी चहा मागवला. तिचा नवरा योगेंद्र पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. माणूस शांत आहे. तो म्हणतो, "ही वर गेली ना, तं यमाला आधी विचारील, तुमच्या रेड्याला चारा कोण घालतं?"

या सवयीचं मूळ तिच्या लहानपणात आहे. तिचे वडील भुसावळकडून इथून जवळच्या कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आले आणि ती मिलच्या कॉलनीतच जन्मली. तिथे घर मिलचं, नळ मिलचा, रस्त्याकडेची चिंच मिलची, संध्याकाळी पेटणारा दिवासुद्धा मिलचा. कशाबद्दलही विचारा, उत्तर एकच. लग्न होऊन ती बुऱ्हानपुरात आली तेव्हा इथे ओटा एकाचा, भिंत दुसऱ्याची आणि भिंतीवर चढलेला वेल तिसऱ्याचाच, हे पाहून तिला फार मौज वाटली. तेव्हापासून ती विचारतच सुटली आहे.

वडील निवृत्त झाले, क्वार्टरची किल्ली परत गेली, आणि आईवडील सुरतेला भावाकडे राहायला गेले. दोन खोल्यांच्या त्या घरात ते फार दिवस टिकले नाहीत, दोघंही गेले. भाऊ फोन करतो, पण ये म्हणत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, तिला झोपवणार कुठे? तर वैजयंतीला माहेर म्हणून काही उरलं नाही. एरवी हे फारसं जाणवत नाही. आखाजीला मात्र जाणवतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते आणि झोक्यावर बसते. बाकीचे सण सासरी झाले तरी चालतात. हा झोका माहेरचाच लागतो. क्वार्टर गेलं त्या वर्षी सांजोऱ्या तळून झाल्यावर वैजयंतीला घरात बसवेना. भर उन्हात ती गल्लीच्या टोकाला गेली. तिथे घरं संपतात आणि जुन्या कडुनिंबांचं एक मोकळं रान आहे. एका फांदीला दोर बांधून शेजारची सिंधू एकटीच झोके घेत होती. सिंधूला सावत्र भावाने सणाच्या दिवशी दारातूनच परत पाठवलं होतं. वैजयंतीने कधी नव्हे ते काही विचारलं नाही. दोघी आळीपाळीने बसल्या.

पुढच्या वर्षी आणखी दोघी-तिघी आल्या. मग दुसऱ्या मोहल्ल्यांतून यायला लागल्या. कोणाचे आईवडील गेलेले, कोणी मनाने लग्न केलं म्हणून घरचं दार बंद झालेलं, कोणाचं माहेर असूनही वहिनीचं तोंड बघवत नाही अशी. प्रत्येक बाई डब्यात काहीतरी घेऊन येते, वर्षभराचं बोलणं एका दुपारी बोलते आणि मोठमोठ्याने हसते. माहेर नसलेल्यांचं हे माहेर गेली कितीतरी वर्षं कडुनिंबाखाली भरत आलं आहे, आणि ती जागा कोणाची हे वैजयंतीने, या वैजयंतीने, कधी विचारलं नव्हतं. आपल्या घराबद्दल कोण विचारतं?

मधल्या काळात शहर फुगत गेलं. कडुनिंबांच्या पलीकडे केळीच केळी होती. आता मधूनमधून केळी कापून प्लॉट पडलेत. चुन्याच्या रेघा, रंगवलेले दगड, कमानीवर कुठल्यातरी 'विहार'चं नाव आणि आत विहार करायला एक झाड नाही. अशातच बातमी आली की शहराचा आणि आसपासच्या गावांचा नवा मास्टर प्लॅन तयार झालाय, त्याचा नकाशा लोकांना बघायला एका सरकारी हॉलच्या भिंतीवर लावलाय, आणि कोणाला हरकत घ्यायची तर घ्यावी. ज्यांची जमीन होती ते गेले. वैजयंतीची वीतभर जमीन नव्हती, तरी ती पहिल्याच दिवशी गेली.

नकाशा हॉलची अख्खी भिंत व्यापून होता. पिवळं म्हणजे घरं, लाल म्हणजे बाजार, निळी तापी, आणि हिरवं म्हणजे बागा, मैदानं, झाडी. तिने बोटाने लोधीपुरा शोधला, आपली गल्ली शोधली, गल्लीचं टोक शोधलं. कडुनिंबांच्या जागी पिवळं होतं. तिला वाटलं आपलं बोट चुकलं. पुन्हा पहिल्यापासून मोजत आली. पिवळंच. आणि त्याच्या थोडं पलीकडे, जिथे तिच्या माहितीप्रमाणे नुसती केळीची शेती होती, तिथे चौकोनी, टवटवीत हिरवा बगीचा काढला होता.

तिथे कॉम्प्युटर घेऊन बसलेला भूषण नावाचा मुलगा नकाशा करणाऱ्यांपैकीच होता. वैजयंतीने त्याला विचारलं, "बेटा, इथे तर केळी आहे. बगीचा कुठून आला?"

"काकू, सॅटेलाइट इमेजवरून झालंय ना सगळं. इथे दाट हिरवळ दिसली असेल." त्याने चित्र उघडलं, मोठं केलं, आणि मग तोच पुढे वाकला. "अरे यार, ये तो होली के पहले की इमेज है. तेव्हा कडुनिंबाची पानं..."

"झडलेली असतात. बोडका असतो तो."

"आणि केळी बारा महिने हिरवी." भूषणने कपाळावर हात मारून घेतला. मग त्यालाच उत्सुकता लागली. त्याने दुसरं चित्र शोधलं, पावसाळ्यानंतरचं. त्यात कडुनिंबांचे गोल गोल शेंडे एकमेकांत मिसळून गेले होते. दोघं ते बराच वेळ बघत राहिले. वैजयंतीने वरून ती जागा कधी पाहिली नव्हती. तिला ती फार लहान वाटली.

"काकू, पण केळीसुद्धा हिरवीच ना?" भूषणने विचारलं. त्याने खरंच विचारलं होतं.

वैजयंती विचारात पडली. केळी हिरवी खरी. पण ती मालकाची, कुंपणातली, बाग उतरली की कापून टाकायची. तिच्याखाली कोणी डबा उघडून बसत नाही, तिला कोणी दोर बांधत नाही. मग शहराला हिरवं लागतं म्हणजे नक्की काय लागतं? बघायला रंग, की बसायला जागा? तिने हे भूषणला विचारलं, आणि तो म्हणाला की कॉलेजात हा प्रश्न कोणी काढला नव्हता, आपणही आता यावर विचार करणार. मग त्याने तिला आपत्ति, म्हणजे हरकत, कशी लावायची ते सांगितलं आणि म्हणाला, "जमीनमालकाची हां असेल ना, तर काम सोपं होईल. बघून घ्या कोणाची आहे."

तिथून खरी गंमत सुरू झाली. सिंधू म्हणाली जागा नगरपालिकेची. पानवाला म्हणाला जंगल खात्याची. एका आजोबांनी ती कोण्या नवाबाच्या नोकराला इनाम मिळाल्याचं छातीठोक सांगितलं. शेवटी भूषणने खसरा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, काढून दाखवला. कडुनिंबांची जागा निंबोला गावच्या कौतिक नावाच्या शेतकऱ्याची निघाली, आणि तो हिरवा चौकोन ज्या केळीवर पडला होता ती केळीही त्याचीच.

वैजयंती दुसऱ्याच दिवशी रिक्षाने निंबोल्याला गेली. कौतिक साठीचा, उंच, केळीच्या चिकाने काळे पडलेले हात. घड उतरवणाऱ्यांवर लक्ष ठेवत त्याने तिचं ऐकून घेतलं. आपल्या केळीत सरकारने बगीचा काढलाय म्हटल्यावर तो आधी हसला.

"माह्या केळीत बगीचा? मंग मी काय तिकीट लावू?" मग त्याचं हसू गेलं. "म्हंजे उद्या मले तिथं काही करता नाही येनार?"

"तेच तर सांगतेय, कौतिकभाऊ. नकाशात उलटसुलट झालंय. तुमच्या केळीला हिरवं दिलं, आणि ती कडुनिंबांची जागा आहे ना तुमची, लोधीपुऱ्याकडची, तिला चक्क पिवळं!"

"पिवळं म्हंजे काय?"

"म्हणजे घरं. प्लॉट."

शब्द तोंडातून गेले आणि वैजयंतीने जीभ चावली. कौतिक तिच्याकडे पाहत होता, पण त्याला ती दिसत नव्हती. जिथे काही पिकत नव्हतं, ज्या तुकड्याकडे तो फिरकतही नव्हता, तो तुकडा एका वाक्यात सोन्याचा झाला होता, आणि हे वाक्य त्याच्या बांधावर येऊन सांगणारी बाई तीच होती.

"बरं झालं सांगितलं ताई," तो म्हणाला. "केळीची आपत्ति लावतो. ते पिवळं ऱ्हाऊ द्या." जाता जाता तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तसं ते आमच्या मालूबाईच्या चोळीबांगडीचं. पन कागदावर मीच हाये."

चोळीबांगडीची जमीन म्हणजे बापाने लेकीच्या नावाने काढून ठेवलेला तुकडा. त्याचं उत्पन्न तिच्या चोळीला, बांगडीला. कागदावर नाव भावाचं असलं तरी जुनी माणसं तिला तिचीच समजतात. वैजयंतीने विचारलं, "मालूबाईंना विचारलं का मग?"

"तिले काय विचारायचं?" कौतिक म्हणाला, आणि घड मोजायला निघून गेला.

रात्री योगेंद्रने सगळं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "तुला कोणी सांगितलं होतं निंबोल्याला जायचं? अगं, त्या माणसाला माहीत नव्हतं तोवर झाडं सुखात होती!" तिला रडू येत होतं, कारण तो खरं बोलत होता. तिच्या हौसेने आजवर कोणाचं वाकडं झालं नव्हतं. आता सिंधूचा, सगळ्यांचा झोका तिने स्वतःच्या तोंडाने विकायला काढला होता. तिने लोधीपुऱ्यातर्फे ती जागा हिरवी करावी अशी हरकत लावली. पण मालकच समोर उभा राहिला तर त्या हरकतीला कोण विचारणार, हे तिला कळत होतं.

मग तिने मालूबाईचा पत्ता काढला. मालूबाई राहत होती मिलच्याच गावात. तिचा नवराही मिलमध्ये होता. वैजयंती जिथे लहानाची मोठी झाली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंही नसावं, किंवा रोज पाहिलं असावं.

मालूबाई सत्तरीची, बुटकी, चटपटीत. मुलगा चंदन कामावर गेला होता. भाड्याच्या दोन खोल्यांत भांड्यांची खोकी बांधून एकावर एक रचली होती. वैजयंतीला वाटलं नुकत्याच राहायला आल्या असतील.

"नाही व," मालूबाई म्हणाली, "जायाचं हाये. घरमालकाले त्याच्या पोराच्या लग्नासाठी खोल्या पाह्यजे. तू बस." पाहुणीलाच एका खोक्यावर बसवून तिने चहा ठेवला. "कडुलिंबाचं वावर? हाये ना. बाबा म्हनले होते, ते मालूचं. कौतिक दिवायीले लुगडं धाडतो त्याचं. चांगला हाये माहा भाऊ."

वैजयंतीने तिला नकाशा सांगितला, पिवळं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. मग झोक्यांचं सांगितलं. मालूबाई ऐकता ऐकता चहा उतू घालवून बसली.

"माह्या जागेत?" तिने विचारलं. "बाया येतात? कुठून येतात? दोर कोन बांधतं? कोनत्या फांदीले?" प्रश्नांवर प्रश्न. आयुष्यात प्रथमच वैजयंतीला आपल्या तोडीचं कोणीतरी भेटलं होतं. "मी पंधरा वर्सं झाली, आखाजीले गेली नाही. कौतिकच्या घरी सुना आल्या, गर्दी झाली. लुगडं येतं ना, म्हनून मीच जायाचं सोडलं."

तुम्ही काय ठरवणार, हा प्रश्न वैजयंतीच्या ओठांवर आला होता. तिने तो चहाबरोबर गिळला. निघताना एवढंच म्हणाली, "आखाजीला या मावशी."

मालूबाई आली. बसमधून एकटीच उतरली, हातात सांजोऱ्यांचा डबा. ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते, पण कडुनिंब नव्या पानांनी गच्च भरले होते आणि खाली गारवा होता. झोक्यांवर कलकलाट चालला होता. कोणाला ती कोण हे सांगायच्या आधीच सिंधूने तिला ओढून फळीवर बसवलं. पहिल्या झोक्याला ती घाबरून ओरडली. तिसऱ्या-चौथ्याला म्हणाली, "जोरात द्या व!" उतरल्यावर ती खोडाला टेकून बसली, ती उन्हं कलेपर्यंत उठली नाही. एकदा तिने जमिनीवर वाळक्या काडीने चौकोन काढला, त्याला दार ठेवलं, आणि मग हाताने पुसून टाकला. वैजयंतीने ते पाहिलं. या बाईला इथे घर हवंय, तिला कळलं. आणि ते चूक आहे असं म्हणायला वैजयंतीला तोंड नव्हतं. स्वतःची म्हणून इतकी वर्षं जिथे ती हसली-खिदळली, ती जागा एका बिनघराच्या बाईची होती.

सुनावणीच्या दिवशी वैजयंती भाषण पाठ करून गेली, पण मन त्यात नव्हतं. बाकावर एका टोकाला कौतिक, मधे मालूबाई, दुसऱ्या टोकाला ती. केळीचा मामला पटकन मिटला. भूषणने दोन्ही चित्रं दाखवली, सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली, बगीचा केळीवरून उठला. मग कडुनिंबांची पाळी आली. कौतिकने उभं राहून सांगितलं की पिवळं आहे ते पिवळंच असू द्यावं. साहेबांनी चष्म्यावरून मालूबाईकडे पाहिलं. "माताजी, आपण कोण?"

"मी याची बहीन. ते माह्या चोळीबांगडीचं हाये. मले तिथं घर बांधाचं होतं. एक खोली अन् ओटा."

वैजयंतीने डोळे मिटले. हरकत मागे घेते म्हणायला ती उठलीसुद्धा, पण साहेब बोलत होते. "पिवळं राहिलं तर बांधता येईल. हिरवं झालं तर नाही."

"अन् घर माह्या नावानं राहीन?" मालूबाईने भावाकडे पाहिलं.

"नावाचं काय आता, बाई," कौतिक खाली बघत म्हणाला. "तू हाये तोवर ऱ्हाय. मंग पोरं पाह्यतील."

मालूबाईने त्याच्यावरची नजर काढली. मग तिने साहेबांना विचारलं, "हिरवं झालं, अन् मी तिथं जाऊन बसली, तं मले कोनी ऊठ म्हनीन का?"

"नाही. ती सगळ्यांची मोकळी जागा असेल."

"जिमीन ज्याची त्यानं म्हटलं तरी?"

"तरी नाही."

"दिवसभर बसली तरी?"

मागे कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "दिवसभर बसा, माताजी."

"मंग हिरवंच करा," मालूबाई म्हणाली. "सासऱ्याच्या घरातून मले दिरांनी उठवलं. चंदनचे बाबा रिटायर झाले अन् क्वार्टरातून उठलो. आता भाड्याच्या घरातून उठू राहिलो. घर बांधलं तं त्यातूनबी एक दिवस कोनी उठवीनच. मले अशी एक जागा ऱ्हाऊ द्या जिथून कोनी ऊठ म्हननार नाही."

साहेबांनी कागद उलटला. "पण कागदोपत्री मालक तुम्ही आहात," ते कौतिकला म्हणाले. "तुमचं काय म्हणणं?"

कौतिक हातावरचे चिकाचे डाग चोळत उभा राहिला. ते जाणारे नव्हते. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "कागदावर मी हाये. जागा हिची हाये. ती म्हनते तसं लिवा."

वैजयंतीला भर सुनावणीत हुंदका फुटला. मालूबाईने न बघताच तिचा हात धरला, आणि भूषण खाली मान घालून लिहू लागला.